खरं असलं तरी सांगायचं का? सम्यक वाचेचा सराव सुरू करणाऱ्यांसाठी

"तुला म्हणून सांगते, कुणाला बोलू नकोस."

असं म्हणून मी एकीला सांगितलेली गोष्ट दोन दिवसांत फिरून जिच्याबद्दल होती तिच्याच कानावर गेली. माझी एक मैत्रीण नोकरी सोडणार होती, एवढंच मी बोलले होते. त्यात खोटं काही नव्हतं, तिखटमीठही लावलेलं नव्हतं. रोज सकाळी पंचशील म्हणायची सवय लागून मला तेव्हा जेमतेम चार महिने झाले होते, आणि चौथ्या शीलाबद्दल मी अगदी निर्धास्त होते. 'मुसावादा वेरमणी', खोटं बोलणार नाही. मी कुठे खोटं बोलते? मैत्रीण चिडली नाही. ती एवढंच म्हणाली, "खोटं नव्हतं गं. पण ते सांगायचं माझं होतं."

धम्माकडे नव्याने वळलेल्या आणि बोलण्यापासून सुरुवात करू पाहणाऱ्यांसाठी हे लिहितेय. मी कुणाची गुरू नाही. चुकत चुकत जे हाताला लागलं ते क्रमाने मांडते, आणि जिथे मी स्वतः जास्त अडखळले तिथे जरा जास्त रेंगाळते.

आधी शब्द लावून घ्या

पंचशीलात वाणीबद्दल एकच शील आहे, म्हणून माझ्यासारखे बरेच जण तिथेच फसतात. अष्टांगिक मार्गातलं तिसरं अंग, 'सम्मा वाचा' म्हणजेच सम्यक, योग्य वाचा, चार गोष्टींपासून दूर राहायला सांगतं. 'मुसावाद' म्हणजे खोटं बोलणं, 'पिसुणा वाचा' म्हणजे चहाडी, 'फरुसा वाचा' म्हणजे लागेल असं कठोर बोलणं आणि 'सम्फप्पलाप' म्हणजे वायफळ बडबड. दहा अकुशल कर्मपथांच्या, म्हणजे अहिताकडे नेणाऱ्या कर्मांच्या, यादीतही हेच चार येतात. तिथे शरीराच्या वाट्याला तीन, मनाच्या वाट्याला तीन आणि जिभेच्या वाट्याला चार.

चहाडीची सुत्तांमधली, म्हणजे बुद्धांच्या उपदेशांमधली, व्याख्या एकदा सावकाश वाचा. इथलं ऐकून तिथे सांगणं, तिथलं ऐकून इथे सांगणं, कशासाठी, तर यांच्यात आणि त्यांच्यात फूट पडावी म्हणून. सांगितलेलं खोटं असलं पाहिजे अशी अट त्यात कुठेही नाही. भिक्खूंच्या विनयात, म्हणजे संघाच्या नियमसंग्रहात, तर दोन्हींचे नियम वेगळे ठेवलेत. पाचित्तिय, म्हणजे मोडल्यास कबुली द्यावी लागते अशा, नियमांमधला पहिला जाणूनबुजून खोटं बोलण्याचा आणि तिसरा चहाडीचा. म्हणजे शंभर टक्के खरं बोलूनही तिसरा नियम मोडता येतो.

मग ज्याला आपण कुचाळक्या म्हणतो, त्या या चारांपैकी कुठे बसतात? माझ्या मते त्या बहुतेक वेळा चौथ्या घरात जन्माला येतात आणि दुसऱ्या घरात राहायला जातात. वेळ जावा म्हणून चकाट्या पिटायला बसतो आणि उठतो तेव्हा कुणाबद्दल तरी मनात अढी घेऊन उठतो.

कठोर बोलण्याबद्दल इथे फार लिहीत नाही. फक्त अट्ठकथेतली, म्हणजे सुत्तांवरच्या जुन्या भाष्यातली, एक गोष्ट सांगते. आईचं न ऐकता मुलगा रानात निघाला. आई संतापून म्हणाली, "जा, रानम्हैस लागो तुझ्या पाठी!" आणि खरंच रानम्हैस अंगावर आली. मुलाने सत्यक्रिया केली, म्हणजे सत्याच्या बळावर साकडं घातलं, "आई तोंडाने बोलली ते न होवो, मनात होतं ते होवो." म्हैस जागच्या जागी थबकली. शब्द कडक होते, मन मऊ होतं, म्हणून ती फरुसा वाचा ठरली नाही. याच्या उलटही खरं आहे. 'बिचारी' हा शब्द किती मऊ आहे, आणि तो उच्चारताना मनात काय काय असतं!

पहिला आठवडा: काही बंद करू नका, नुसतं मोजा

'आजपासून कुणाबद्दल एक शब्द बोलणार नाही' अशी प्रतिज्ञा करू नका. ती दुपारपर्यंत मोडते आणि संध्याकाळी माणूस सरावच सोडून देतो.

त्याऐवजी खिशात मावेल एवढा कागद घ्या. समोर नसलेल्या माणसाबद्दल जेव्हा जेव्हा बोलाल, तेव्हा एक रेघ मारा. चांगलं बोललात तरी रेघ मारायची, तिच्यावर फक्त एक टिंब द्यायचं. नावं लिहू नका. तो कागद कुणाच्या हाती लागला तर नवीनच प्रकरण व्हायचं. माझ्या पहिल्या दिवशी दुपारपर्यंत अकरा रेघा झाल्या, त्यांतल्या दोनांवरच टिंब होतं. मग तो कागद माझ्याकडून 'हरवला'. दुसऱ्या दिवशी नवा घेतला.

दोन-तीन दिवसांत रेघ मारण्याच्या आधीचा क्षण दिसू लागतो. प्रत्येकाची खूण वेगळी असते, पण काही खुणा सगळ्यांच्या सारख्या. आवाज आपोआप खाली येतो. मान पुढे जाते. नजर एकदा दाराकडे जाऊन येते. तोंडात ठरलेली वाक्यं येतात: "मला काय करायचंय म्हणा, पण...", "मी कुणाबद्दल वाईट बोलत नाही, तुला माहितीये...", "काळजी वाटते म्हणून सांगते हां." माझी खूण घशाशी आहे. सांगण्यासारखं काही हाती आलं की तिथे शिंक यायच्या आधी होतं तसं काहीतरी हुळहुळतं. पोटात राहत नाही असं आपण म्हणतो ना, ते शब्दशः खरं आहे. शरीरात काहीतरी होतंच.

ध्यानाला बसत असाल तर हे ओळखीचं वाटेल. ही वेदना आहे, पाली अर्थाने वेदना, म्हणजे सुखदुःखाची जाणीव, आणि बहुतेक वेळा सुखद. आपल्याला आधी कळलंय, समोरचा डोळे मोठे करून ऐकणार आहे, याचं ते सुख असतं. त्यामागून तृष्णा येते, तृष्णेमागून जीभ सुटते. या आठवड्यात तिला अडवायचं नाही. सुख येताना, रेंगाळताना आणि ओसरताना फक्त पाहायचं. ते ओसरतं हे एकदा स्वतः पाहिलं, की पुढचं निम्मं काम सोपं होतं.

मोजता मोजता मला आणखी एक गोष्ट दिसली, आणि तिची मला लाज वाटली. माझ्या रेघांपैकी द्वेषाच्या फार थोड्या होत्या. बहुतेक जवळिकीच्या होत्या. दोन माणसांमध्ये बोलण्यासारखं काही उरलं नाही की मध्ये तिसरा आणून बसवला जातो. तो नसेल तर आपण एकमेकांशी काय बोलणार, हाच खरा प्रश्न असतो.

वस्सकार ब्राह्मणाचा प्रश्न

दुसऱ्या आठवड्याकडे वळण्याआधी एका माणसाला भेटायला हवं. त्याचं नाव वस्सकार, मगधाचा महामात्य. अंगुत्तर निकाय या सुत्तसंग्रहात तो राजगृहाच्या वेळुवनात बुद्धांना भेटतो आणि नेमकं माझ्या मनातलं बोलतो. त्याचं म्हणणं असं, की जे पाहिलं ते 'मी असं पाहिलं' म्हणून कुणी सांगितलं तर त्यात दोष नाही. जे ऐकलं ते 'मी असं ऐकलं' म्हणून सांगितलं तरी नाही. बुद्ध दोन्ही टोकं नाकारतात. पाहिलेलं सगळंच सांगावं असं मी म्हणत नाही, आणि पाहिलेलं काहीच सांगू नये असंही म्हणत नाही. जे सांगितल्याने अकुशल धर्म वाढतात आणि कुशल घटतात ते सांगू नये. ज्याने उलट होतं ते सांगावं.

आता याच वस्सकाराचं पुढचं ऐका. महापरिनिब्बान सुत्ताच्या सुरुवातीला मगधाचा राजा अजातशत्रू त्याला गृध्रकूट टेकडीवर बुद्धांकडे पाठवतो. वज्जींचं गणराज्य जिंकायचं आहे, बुद्ध काय म्हणतात ते बघून ये. वज्जी वारंवार एकत्र जमतात, एकीने बसतात, एकीने उठतात, तोवर त्यांची वाढच होईल, असं बुद्ध सांगतात. चाणाक्ष मंत्री त्यातून हवं तेच उचलतो: म्हणजे युद्धाने जमणार नाही, फूस लावून किंवा आपसात फूट पाडूनच जमेल.

फूट कशी पाडली ते अट्ठकथेत आहे. राजाशी भांडण झाल्याचं सोंग करून तो वज्जींच्या राजधानीत, वैशालीत, आश्रयाला गेला. तिथे मानाची जागा मिळवली. मग वज्जींमधल्याच लिच्छवी कुळातल्या एखाद्याला बाजूला घ्यायचा आणि हळूच विचारायचा, "शेत नांगरतात का?" "हो, दोन बैल जुंपून नांगरतात." एवढंच बोलून निघून जायचा. दुसरा लिच्छवी येऊन पहिल्याला विचारी, "आचार्य काय म्हणाले?" तो खरं ते सांगे. ऐकणाऱ्याला वाटे, हा लपवतोय, बाजूला घेऊन कुणी हे विचारतं का? मग आणखी कुणाला, "काय कालवण जेवलात?" पुढे एखाद्याला, "तुम्ही फार गरिबीत आहात म्हणे." "कोण म्हणालं?" "अमका." तीन वर्षांत अशी पाळी आली की दोन लिच्छवी एका रस्त्याने जाईनात. सभेची दवंडी झाली तेव्हा कुणी जमलं नाही. अजातशत्रू उघड्या दारांनी आत आला.

या गोष्टीतला तो नांगराचा प्रश्न मला विसरता येत नाही. त्यात निंदा नाही, खोटं नाही, आशयसुद्धा नाही. फक्त बाजूला घेणं आहे आणि हळू आवाज आहे. ऑफिसात दोघे जण कोपऱ्यात कुजबुजतात तेव्हा तिसऱ्याच्या पोटात जे होतं, तेच हे. म्हणून नवख्यांना मी पहिला नियम हाच सांगते: आवाज खाली आला की थांबायचं आणि स्वतःला विचारायचं, हा खाली का आला? कधी कारण रास्त असतं, कुणाचं आजारपण असतं. पण विचारायचं.

दुसरा आठवडा: बोलण्याआधी, बोलताना, बोलून झाल्यावर

बुद्धांनी हे आपल्या मुलाला, भिक्खू झालेल्या राहुलला, शिकवलं, ते ज्या सुत्तात आहे ते मज्झिम निकायात सापडतं. भांड्यात तळाशी थोडंसं पाणी ठेवून ते दाखवतात, मग ते ओतून देतात, मग भांडं उपडं करतात. जाणूनबुजून खोटं बोलायची ज्याला लाज नाही त्याचं श्रमणपण, म्हणजे भिक्खूपण, तळच्या पाण्याएवढं थोडं, मग ओतून दिलेलं, मग उपडं पडलेलं. त्यानंतर आरसा येतो. आरसा कशासाठी? पाहण्यासाठी. तसंच काया, वाचा आणि मनाचं प्रत्येक कर्म पाहून पाहून करायचं: करण्याआधी, करताना, केल्यावर. सम्राट अशोकाने भाब्रू-बैराटच्या लेखात भिक्खू आणि उपासकांनी वारंवार ऐकावेत म्हणून जे सात धम्मग्रंथ नावाने सांगितले, त्यांत राहुलला मृषावादाबद्दल केलेल्या उपदेशाचाही उल्लेख आहे. म्हणजे आपण ज्या सरावाला लागतोय तो बावीसशे वर्षांपूर्वीही लोकांना सुचवला जात होता.

प्रत्यक्षात काय करायचं? 'आधी' जमणं सगळ्यात अवघड, म्हणून उलटीकडून सुरू करा. पहिले दोन-तीन दिवस फक्त बोलून झाल्यावर पाहा. रात्री दिवा मालवण्याआधी दिवसातलं एकच संभाषण आठवा. सगळी नकोत, एकच. ते झाल्यावर मन कसं होतं? जड, चिकट, उगाच उत्तेजित, की मोकळं? मग काही दिवस बोलता बोलता पकडायचं. वाक्य अर्ध्यात आलं असताना लक्षात येतं आणि आता थांबलं तर विचित्र दिसेल असं वाटतं. थांबा. "जाऊ दे, ते काही माझं सांगायचं नाही," इतकं म्हटलं की भागतं. समोरचा दोन क्षण नाराज होतो, आणि तिथेच संपतं.

'आधी' पकडण्यासाठी एक आधार आहे. धम्मदिन्ना ही भिक्खुणी विशाख उपासकाला सांगते की वितर्क आणि विचार हे वाणीचे संस्कार आहेत. माणूस आधी मनात घोळवतो आणि मगच वाचा फोडतो. म्हणून जे बोलणं आपल्याला सांभाळायचं आहे ते तोंडात येण्याआधी कितीतरी वेळ मनात सुरू झालेलं असतं. घरी जाताना वाटेत 'हे तिला सांगताना कसं सांगायचं' याची मनात तालीम चाललेली असते की नाही? ती तालीम पकडा. तिथे सुटणं सोपं आहे, तिथे प्रेक्षक नसतो.

पाच प्रश्न, आणि त्यांतला एक फार कडक

अंगुत्तर निकायात सुभाषित वाणीची पाच अंगं दिली आहेत: वेळेवर बोललेली, खरी, मृदू, हिताची आणि मैत्रीपूर्ण चित्ताने बोललेली. हे पाच शब्द पाठ करा. बोटांवर मोजता येतात, हा त्यांचा मोठाच फायदा.

खरं आणि मृदू हे दोन प्रश्न आपण सहज पार करतो. हिताचं कुणाच्या, इथे अडतो. ज्याच्याबद्दल बोलतोय त्याच्या? ऐकणाऱ्याच्या? की माझ्या घशाच्या हुळहुळीच्या? आणि वेळ हा तर सगळ्यात कडक प्रश्न. अभय राजकुमाराला बुद्ध सांगतात ते बारकाईने पाहिलं तर बोलण्याचे सहा प्रकार होतात: खरं-खोटं, हिताचं-अहिताचं, आवडणारं-नावडणारं यांच्या जोडण्या. त्यांतले चार तथागत, म्हणजे बुद्ध, बोलतच नाहीत. खरं पण अहिताचं असेल तर लोकांना आवडणारं असलं तरी बोलत नाहीत. उरले दोन, खरं आणि हिताचं, मग ते आवडो वा न आवडो. या दोन्हींसाठीही योग्य वेळ जाणून बोलतात. माझा समज होता की कडू सत्यालाच वेळ बघावी लागते. गोड, खऱ्या, हिताच्या बोलण्यालासुद्धा बघावी लागते, हे तिथे कळलं.

त्याच संवादात एक तान्हं मूल अभयच्या मांडीवर आहे. बुद्ध विचारतात, याच्या तोंडात काडी किंवा खडा गेला तर काय करशील? अभय म्हणतो, एका हाताने डोकं धरीन, दुसऱ्या हाताचं बोट वाकवून काढीन, रक्त आलं तरी काढीन, कारण मला त्याची दया येते. कुणाला टोचणारं बोलायची पाळी आली की मी हे मूल आठवते. ते माझ्या मांडीवर आहे का? नसेल, म्हणजे त्या माणसाशी माझं तेवढं नातंच नसेल, तर तोंडात बोट घालायला जाऊ नये.

समोरचा सुरू करतो तेव्हा

नवख्यांना खरी अडचण इथे येते. स्वतःची जीभ कशीबशी आवरता येते, पण चारचौघांत रंगात आलेल्या माणसाला काय म्हणायचं? "मी सम्यक वाचा पाळते" असं मात्र मुळीच म्हणू नका. मी एकदा म्हटलं होतं. पुढचे दोन महिने मी आल्यावर लोक गप्प व्हायचे, आणि गेल्यावर कशाबद्दल बोलायचे हे सांगायला नको.

तीन गोष्टी मला उपयोगी पडल्या. पहिली, प्रश्न विचारून विषय त्या माणसाच्या अडचणीवर आणायचा. "तो सारखा उशिरा येतो, घरी काहीतरी भानगड आहे म्हणे." यावर, "आपल्याला काही करता येईल का त्याच्यासाठी?" भानगडीची चव एकदम जाते. दुसरी, सांगणाऱ्याकडे वळायचं. जो दुसऱ्याबद्दल तावातावाने बोलतो, त्याचं स्वतःचं काहीतरी दुखावलेलं असतं. "तुला फार त्रास झालेला दिसतोय त्याचा," असं म्हटलं की बऱ्याचदा माणूस तिसऱ्याला सोडून स्वतःबद्दल बोलू लागतो, आणि मग ते संभाषण ऐकण्यासारखं होतं. तिसरी, अनुपस्थित माणसाचं एक खरं चांगलं सांगायचं, एकच, आणि वाद घालायचा नाही. सम्मा वाचेच्या वर्णनात तुटलेल्यांना जोडणारं आणि जोडलेल्यांना बळ देणारं बोलणंही येतं. टाळायचं तेवढंच नाही, करण्यासारखंही काही आहे.

यातलं काहीच जमलं नाही तर पाणी प्यायला उठा. हसू नका, हा उपाय मी आठवड्यातून दोनदा तरी वापरते.

लोक शिष्ट म्हणतील ही भीती असेल तर अतुल उपासकाची गोष्ट लक्षात ठेवा. धम्मपदाच्या अट्ठकथेत तो धम्म ऐकायला रेवत स्थविरांकडे जातो. ते काहीच बोलत नाहीत म्हणून रागावतो. सारिपुत्त फार लांबण लावतात म्हणून रागावतो. आनंद थोडक्यात आटपतात म्हणून पुन्हा रागावतो. बुद्ध म्हणतात, अतुला, हे जुनंच आहे, आजचं नाही. गप्प बसणाऱ्याला नावं ठेवतात, फार बोलणाऱ्याला ठेवतात, मोजकं बोलणाऱ्यालाही ठेवतात.

दुसरीकडे, लाकडासारखं कोरडंही होऊ नका. राजे, चोर, युद्धं, वस्त्रं, नातेवाईक, गावं अशा विषयांच्या गप्पांना सुत्तांमध्ये 'तिरच्छान कथा' म्हटलंय खरं, पण ती कानउघाडणी जमून बसलेल्या भिक्खूंची आहे. गृहस्थाला शेजाऱ्याची चौकशी करावी लागते, हवापाण्यावर बोलावं लागतं. लोकांना बांधून ठेवणाऱ्या चार संग्रहवस्तूंमध्ये दानाच्या पाठोपाठ प्रिय वचन येतं. "कशी आहेस?" हे वायफळ नाही. उत्तर ऐकायला थांबला नाहीत तर आहे.

फोन हातात असताना

इथे आवाज खाली येत नाही, म्हणून खूणच नाहीशी होते. मी स्वतःला दोन नियम लावलेत. कुणाच्या खाजगी संदेशाचा स्क्रीनशॉट पुढे पाठवायचा नाही, कितीही खरा असला तरी. आणि 'कळलं का?' ने सुरू होणारा मजकूर टाइप करून झाला की फोन पालथा ठेवून तीन श्वास घ्यायचे. राहुलचं भांडं उपडं केलं होतं, आपण फोन पालथा ठेवायचा. सोपं आहे. अर्ध्याहून अधिक मजकूर तिसऱ्या श्वासापर्यंत टिकत नाहीत.

जे बोललंच पाहिजे ते

सावध करायला हवं अशी एक गोष्ट आहे. सम्यक वाचेच्या नावाखाली लोकांना गप्पही केलं जातं. कुणी छळतंय, पैसे खातंय, हात उगारतंय, आणि तक्रार करणाऱ्याला सांगितलं जातं, "निंदा करू नये, अकुशल आहे." हा धम्म नव्हे.

पोतलिय नावाच्या परिव्राजकाशी बुद्धांचं याच मुद्द्यावर बोलणं झालंय. निंदनीयाची निंदा नाही आणि स्तुत्याची स्तुतीही नाही, असा उपेक्षेने, म्हणजे तटस्थपणे, राहणारा माणूस पोतलियाला श्रेष्ठ वाटतो. बुद्धांना तसं वाटत नाही. जो निंदनीयाबद्दल खरं ते योग्य वेळी बोलतो आणि स्तुत्याबद्दलही खरं ते योग्य वेळी बोलतो, तो ते श्रेष्ठ मानतात. कारण? कुठे कधी बोलावं याची जाण.

तक्रार आणि चहाडी यांतला फरक ओळखायला मी एकच बघते, बोलणं कुणाकडे चाललंय. ज्याच्या हातात काही करणं आहे त्याच्याकडे चाललं असेल तर तक्रार. ज्याला काहीच करता येणार नाही पण ऐकायला गंमत वाटेल, त्याच्याकडे चाललं असेल तर दुसरं. मनातला सल हलका करायला एखाद्या विश्वासू माणसाशी बोलणं हेही रास्तच. फक्त एकदा, एकाशी. तीच कैफियत पाचव्या माणसाला सांगताना ती जरा जास्त घोटीव झालेली असते, बघा.

कुणी एखाद्याबद्दल माहिती विचारली तर पाहिलेलं आणि ऐकलेलं वेगळं करा. विचारल्यावरही दुसऱ्याचे दोष अडखळत, थोडक्यात सांगणं हे सत्पुरुषाचं लक्षण म्हणून सांगितलंय. पण कुणाला इजा होण्याचा धोका असेल तर स्वतः पाहिलेलं स्पष्ट सांगावं, असं माझं मत आहे. ऐकीव असेल तर तेही 'ऐकीव आहे' असं म्हणूनच सांगावं.

थोडं मौनाबद्दल

दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरात दहाव्या दिवशी सकाळी मौन सुटतं. त्यानंतरचा पहिला तास एकदा तटस्थपणे ऐकून बघा: कोण खोकत होतं, कोण अर्ध्यातून गेलं, कुणाला झोप लागत होती. मीही त्यात होते. जमलात की दोनच गोष्टी करा, धम्मकथा किंवा आर्य मौन, असं बुद्धांनी सांगितलंय, आणि त्यांचे शिष्य मोग्गल्लान स्थविर आर्य मौनाचा अर्थ थेट दुसऱ्या ध्यानाशी, वितर्क-विचार शांत होण्याशी जोडतात. तोंड बंद ठेवणं ही त्याच्या फार आधीची पायरी झाली. नवख्याने आठवड्यातून अर्धा दिवस मौन पाळलं तरी पुष्कळ. घरच्यांना आधी सांगून ठेवा, नाहीतर रुसलात असं वाटेल.

चुकल्यावर

चुकणारच. राहुलला सांगितलेलं इथेही पुरतं: बोलून झाल्यावर ते अकुशल होतं असं दिसलं तर ते गुरूंपुढे किंवा जाणत्या सोबत्यापुढे उघड करायचं आणि पुढे संयम ठेवायचा. स्वतःला झोडत बसायचं असं त्यात नाही.

ज्याच्याबद्दल बोललो त्याच्या कानावर गेलं असेल तर जाऊन माफी मागावी, आणि माफीत 'पण' नसावा. त्याला माहीतच नसेल तर स्वतःचं मन हलकं करायला त्याला नवं दुःख द्यायला जाऊ नये. तेव्हा ऐकणाऱ्याकडे परत जावं. "मी परवा जे बोलले ते बोलायला नको होतं, पुढे सांगू नकोस." हे त्या माफीपेक्षा अवघड आहे, कारण इथे समोरचा माफ करत नाही, नुसता बघत राहतो.

नोकरी सोडणाऱ्या त्या मैत्रिणीकडे गेले तेव्हा मी पाच वाक्यं तयार ठेवली होती, चारांत 'पण' होता. शेवटी एकच बोलले. तिने विचारलं, "कुणाकुणाला सांगितलंस?" मी दोन नावं घेतली. त्या दोघींना फोन करून मागे घ्यायचं ठरलं. पहिला त्याच संध्याकाळी केला. दुसरा करायला मला तीन दिवस लागले.